दोन बोटं वाढीची

दुसरबीडमध्ये एकतीस वर्षं शाळेचे गणवेश शिवणारे तुळशीराम शिंपी दुपारी झोपत नसत, पण पुरते जागेही नसत. जेवण झालं की मशीनशेजारच्या बाकावर पाठ टेकायची, डोळे अर्धे मिटायचे आणि समोरच्या रस्त्यावरच्या ट्रकचे आवाज दूर जाऊ द्यायचे. मग त्यांना पोरं दिसत. दोन्ही हात पसरून उभी राहिलेली, गुदगुल्या होतात म्हणून ओठ दाबून हसणारी, गळ्याला फीत लागली की श्वास रोखून धरणारी. त्यातली किती तरी आता संसाराला लागलेली. पण त्या अर्ध्या झोपेत ती पाचवी-सहावीतच असत.

यंदा मात्र ही सगळी पोरं चिखलीच्या एका संगणकात जाऊन बसली होती.

चिखलीला राजकुमारशेठचा गणवेशांचा कारखाना आहे. यंदापासून दुसरबीड धरून अकरा गावांच्या शाळांचे कपडे तिथे तयार होतात. शाळा उघडायच्या जूनच्या अखेरीस, पण कापड कापावं लागतं एप्रिलमध्ये. कोणत्या गावाला कोणत्या मापाचे किती सदरे लागतील याचा अंदाज शेठ दरवर्षी बांधत आणि तो दरवर्षी चुके. मोठ्या मापांचे गठ्ठे पडून राहत आणि लहान मापं पहिल्याच आठवड्यात संपत. शेठची पुतणी नीरजा पुण्याला डेटा ॲनालिटिक्स शिकून आली होती. तिने अंदाज बंद केला. गावोगावच्या शिंप्यांकडून मापांच्या जुन्या वह्या मागून आणल्या, पोराचं नाव, इयत्ता, वर्ष, छाती, खांदा, बाही असं सगळं संगणकात भरलं. कोणत्या गावची पोरं कोणत्या वयात किती वाढतात, ते तिला त्यातून काढायचं होतं.

तुळशीरामांनी सत्तावीस वह्या दिल्या होत्या, धुतलेल्या कापडात बांधून. नीरजा म्हणाली होती, “काका, आता दुसरबीडचं माप म्हणजे तुमचं माप.” ते वाक्य ते पुष्कळ दिवस मनात घोळवत होते.

मार्चमध्ये नमुन्याचे साठ आकाशी सदरे आले. शाळेत पोरांच्या अंगावर घालून पाहिले, तर खांदे दंडावर उतरलेले आणि बाह्यांतून बोटांची टोकं तेवढी दिसणारी.

दुसऱ्याच दिवशी नीरजा जीपने आली. दुकानातल्या स्टुलावर बसली आणि संकोचून म्हणाली, “काका, दहा गावांचं जुळलं. एकट्या दुसरबीडची पोरं वहीत भीमासारखी आहेत. शेठकाका म्हणाले, म्हाताऱ्याची फीत आखडली असेल, त्या वह्या काढून टाक. आठ दिवसांत कापड कापायला घेतील. तोवर कारण सापडलं नाही, तर मला खरंच काढाव्या लागतील.”

तुळशीरामांनी गळ्यातली फीत काढली, टेबलावरच्या लोखंडी पट्टीशी लावून पाहिली आणि परत गळ्यात घातली. फीत बरोबर होती.

आतून त्यांची बायको मनकर्णाबाई चहा घेऊन आली. “सांगून टाका ना तिले,” ती म्हणाली. “साऱ्या गावाले मालूम आहे.”

“गावाले मालूम असणं येगळं अन् लिहून देणं येगळं,” ते म्हणाले.

नीरजाने चहाचा कप बाजूला ठेवला आणि लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर एक तिरपी रेघ होती आणि तिच्या वरच्या अंगाला ठिपक्यांचा थवा. संध्याकाळी तारांवर चिमण्या बसाव्यात तसे ते ठिपके होते. तुळशीराम पाहतच राहिले.

“ही रेघ बाकीच्या दहा गावांची, आणि हा एकेक ठिपका म्हणजे तुमच्या वहीतलं एकेक पोर,” नीरजा म्हणाली. “सगळे रेघेच्या वर. पण ही एक मुलगी पाहा. पाचवीपासून बरोबर रेघेवर. फक्त आठवीत तेवढी वर उडाली आणि नववीत परत खाली आली. नाव सुचिता तुळशीराम. ही कोण?”

मनकर्णाबाई पदर तोंडाला लावून हसू लागली. “कोण काय, आमचीच! मोताळ्याले दिली ते. शिंप्याच्या घरात कशाले पायजे वाढीचं? दरसाल नवा, अंगासारखा नेटका. तर आठवीत बसली रडत. म्हणे, सगळ्यायचे सदरे ढगळ, माझाच काऊन नेटका? पोरी म्हणतात, आली शिंप्याची राणी!”

“मग?”

“मग का? ह्यायनं देला शिवून ढगळ. वर्षभर बाह्या दुमडत फिरली. लई खूश!”

नीरजा हसली, मग हसता हसता थांबली. “म्हणजे काका, वहीत तुम्ही अंगाचं माप लिहीतच नव्हता?”

“सदऱ्याचं लिहो,” तुळशीराम हळूच म्हणाले. “फीत लावतानाच मनात बोटं मिळवो. कोणाले एक, कोणाले दोन. ज्याचा सदरा दोन वर्षं चालला पायजे, ज्याच्या पाठीवर लहान भाऊ आहे...” ते अडखळले. “कोणाले काऊन, ते मले विचारू नको, बाई. ते त्यायच्या घरचं आहे. बोटं सांगतो.”

“बोटंच पुरेत, काका.”

मग पाच दुपारी ते काम चाललं. तुळशीराम बाकावर पाठ टेकून डोळे मिटत. नीरजा नाव वाचे, इयत्ता वाचे. थोडा वेळ काहीच होत नसे. मग उन्हाच्या धुरकट पट्ट्यातून ते पोर येऊन उभं राही. कुणाच्या कपाळावर पडल्याची खूण, कुणाच्या खिशात चिंचोके, कुणी बापाच्या चपला घालून आलेलं. गोविंदा, सहावी. हा फीत लावली की पोट आत ओढे. प्रेमानंद, सातवी. आई दारातच उभी राही, आत येत नसे. नुसती तुळशीरामांकडे पाही. मिटल्या डोळ्यांनी ते हात वर करीत, एक बोट, दोन बोटं, क्वचित तीन. नीरजा तेवढं वजा करी. आणि पडद्यावरचा ठिपका सावकाश खाली येऊन रेघेवर बसे, जसा पक्षी बसतो.

पाचव्या दुपारी तिने वाचलं, “सुचिता, आठवी.”

बराच वेळ हात वर झाला नाही. मग दोन बोटं वर आली. “खरं म्हणशील तं अडीच,” ते म्हणाले. “रडत होती नं.”

वह्या राहिल्या. शेठनेही फितीबद्दलचे शब्द मागे घेतल्याचं नीरजाने फोनवर सांगितलं. पण तुळशीरामांचं मन भरलं नव्हतं. ते म्हणाले, “आता अंगासारखे शिवसान. पोरं दिसतीन चांगली. पण पुढल्या साली? आई दुकानात खांदा वढून पायते, ते काऊन पायते?”

“काय करू, काका? सांगा.”

“माप अंगाचंच ठेव. फक्त बाहीत अन् खाली दोन बोटं कापड आत दुमडून दे. वर्षानं उसवून घेतीन.”

शाळा उघडायच्या चार दिवस आधी नीरजा जीपने गठ्ठे घेऊन आली. तुळशीरामांनी पहिला सदरा हातात घेतला, उलटा केला आणि बाहीच्या आतल्या दुमडीवर बोट ठेवलं. एक बोट. दुसरं दुमडीच्या बाहेर गेलं.

नीरजा ओशाळून म्हणाली, “दोनाचा हिशेब शेठकाकांना पटला नाही. एका बोटासाठीसुद्धा मला भांडावं लागलं.”

तुळशीराम ते एक बोट तसंच ठेवून उभे राहिले. मग सदरा सुलटा केला, घडी घातली आणि म्हणाले, “एका वर्षाचं तं झालं.”

त्या दुपारी त्यांनी मशीनला तेल दिलं, उसवायची छोटी कात्री धार लावून टेबलावर ठेवली आणि बाकावर टेकले. ट्रकचे आवाज दूर गेले. समोर एक पोर येऊन उभं राहिलं, हात पसरून, ओठ दाबून. याला त्यांनी आधी कधी पाहिलं नव्हतं. पुढच्या जूनचं असावं.