गोळ्यावर गोळी

सलूनवाल्या दाजींची तीस वर्षं खुर्चीमागं उभ्यानं गेली. पण हल्ली दाढी करताना पोटरीत गोळा यायचा आणि हातातला वस्तरा थरथरायचा. गिऱ्हाइकं मान द्यायला बिचकू लागली. मग मेहुण्यानं मॅग्नेशियमच्या गोळ्यांची डबी आणून दिली. "दाजी, रोज एकच हं!"

एवढ्या मोठ्या गोळ्याला एवढीशी गोळी काय पुरणार, म्हणून दाजींनी सकाळीच चार गिळल्या. दुपारपर्यंत संडासाला पाच चकरा झाल्या. अर्धी दाढी होऊन बसलेले मास्तर ओरडले, "अरे, तोंडावरचा फेस वाळला की माझा!"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आधी दाजींचं रक्त तपासलं. "मॅग्नेशियम खरंच कमी आहे तुमचं. किडनी ठणठणीत आहे, तेव्हा घ्या. पण जेवणानंतर एकच. जास्त घेतलीत की पोट असंच वाहणार. आणि कुणाचंही ऐकून गोळ्या गिळू नका."

महिन्याभरात गोळे बरेच कमी झाले. तरी मास्तर आले तेव्हा दाजींनी सांगून टाकलं, "अजून कधीतरी पाय आवळतो, मास्तर. आवळला तर वस्तरा आधी लांब नेईन."

मास्तरांनी मान मागं टेकवली. "बोलू नकोस, चालव."