न चाखलेला नैवेद्य

कमलाकरांनी एकतीस वर्षं लंडनच्या बसगाड्यांचे ब्रेक तपासले. मिरजेहून आलेला हा माणूस बोलायला कमी आणि स्वभावाने भित्रा. भित्रा होता म्हणूनच कामाला चोख. दुसऱ्याने पाहिलेला ब्रेक स्वतः पुन्हा पाहिल्याशिवाय ते गाडी गॅरेजबाहेर सोडत नसत. सोबतचे फिटर चेष्टा करायचे, पण आपल्या बायकामुलांच्या वाटेवरची बस कमलाकरांच्याच हातून जावी असं त्यांनाही वाटायचं.

रिटायर झाल्यावर तपासायला बस उरल्या नाहीत. मग मुलगा उरला.

उदय त्यांचा एकुलता एक, इथेच जन्मलेला, मराठी मोडकी बोलणारा. चांगली नोकरी होती, पण दारूपायी सगळं हळूहळू हातातून गेलं. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको शिल्पा सात वर्षांच्या अक्षयाला घेऊन नॉटिंगहॅमला गेली, तिथल्या हॉस्पिटलात कामाला लागली. उदय लंडनच्या न्यू मॉल्डन भागात वडिलांच्या घरी येऊन राहिला. त्याच्या वर्षभर आधी कमलाकरांच्या पत्नी लीलावती वारल्या होत्या. मुलाचा हा पडता काळ त्यांना पाहावा लागला नाही, एवढंच समाधान.

गेल्या आठ महिन्यांपासून उदय रोज सकाळी एक गोळी घेत होता. ती पोटात असताना दारूचा घोट गेला तर माणूस लालबुंद होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, भोवळ येते. कमलाकर समोर उभे राहत. गोळी पाण्यात विरघळायची, उदय पेला रिकामा करायचा, मग कमलाकर काहीतरी विचारायचे. बाहेर गार आहे का, आज बस की ट्रेन. उत्तराशी त्यांना कर्तव्य नसे. तोंडात काही राहिलं नाही ना, एवढंच बघायचं असे. संध्याकाळी त्याचं जॅकेट खुंटीला लावताना ते कॉलर नाकाशी नेत. उदयला हे ठाऊक होतं. तो कधी काही बोलला नाही.

शिल्पाने महिन्यातून एका रविवारी अक्षयाला भेटायची परवानगी दिली होती. अट एकच. एक थेंब जरी प्यायलास तर दार बंद, आणि पुन्हा उघडणार नाही.

न्यू मॉल्डनच्या हाय स्ट्रीटवर कोरियन दुकानंच दुकानं. एका दुकानाच्या काचेत सोजू नावाच्या दारूच्या हिरव्या बाटल्या ओळीने मांडलेल्या असत. उदय त्या दुकानाच्या आधीच रस्ता ओलांडायचा आणि पुढे जाऊन पुन्हा अलीकडे यायचा. पण शेजारच्या मिसेस पाक यांच्याकडून जे यायचं ते सगळं घरात चालायचं. थंडीत भाजलेल्या बार्लीचं गरम पाणी. खोकला झाला की मधात मुरवलेल्या लिंबासारख्या फळाचा चहा. आलं-दालचिनीचं तांबूस सरबत, त्यात वाळलेलं फळ तरंगायचं. आणि उदयला सगळ्यात आवडायचं ते सिखे: तांदूळ आणि सातूच्या मोडांचं गोड, गार, पांढुरकं पेय, वर भाताची शीतं तरंगणारं. त्यात दारूचा अंश नाही, हे कमलाकरांनी पहिल्याच दिवशी दोनदा विचारून घेतलं होतं. दिलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही म्हणून ते चिवडा, कोथिंबीरवड्या घालून पाठवत. मिसेस पाकही विधवा. दोघांचं इंग्रजी बेताचं, त्यामुळे दोन वर्षांत फार बोलणं झालं नव्हतं. पण भांडी सतत ये-जा करत होती.

त्या वर्षी ऑक्टोबरात अविधवा नवमी रविवारी आली, आणि उदयचा नॉटिंगहॅमचा रविवारही तोच. आदल्या दिवशी मिसेस पाक कुंपणाशी भेटल्या तेव्हा कमलाकरांनी सांगितलं, उद्या बायकोच्या नावाने पान मांडणार आहे. त्या गंभीर झाल्या. त्यांचाही पितरांचा सण नुकताच झाला होता. तासाभराने त्या दोन बाटल्या घेऊन आल्या, दोन्ही लेमोनेडच्या जुन्या प्लास्टिकच्या, एकीला लाल झाकण, दुसरीला पांढरं. दोन्ही हातांनी एकेक बाटली पुढे करून वाकल्या आणि म्हणाल्या, तुमच्या मिसेससाठी आणि घरासाठी. दोन्हींत तेच पांढुरकं पेय, वर तीच शीतं. भरपूर सिखे दिलं, एवढंच कमलाकरांनी मनात म्हटलं.

रविवारी ते पहाटे उठले. वरण-भात, भाजी, खीर, वडे केले, सिंक घासून लख्ख केलं. नैवेद्याला लेमोनेडच्या बाटल्या कशा ठेवायच्या? लाल झाकणाची बाटली त्यांनी पितळी तांब्यात ओतली, पांढऱ्या झाकणाची स्टीलच्या डब्यात. एरवी परीक्षा केल्याशिवाय ते कशालाच हात लावत नसत. पण नैवेद्य दाखवण्याआधी चाखायचा नसतो, हुंगायचाही नसतो. लीलावतींनी चाळीस वर्षं पाळलेला नेम त्यांनी त्या दिवशीही पाळला.

साडेसातला पान मांडून झालं. उदयने आईच्या फोटोला नमस्कार केला. कमलाकर म्हणाले, मिसेस पाकनी तुझ्यासाठी दिलंय, तांब्यात आहे. आईला दाखवलेलं आहे, नाही म्हणू नकोस. आणि ते कपडे बदलायला वर गेले. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी गोळी घेताना पाहिलं नाही. आठ वाजून गेल्यावर खालून उदयचा आवाज आला, निघतो. दार लागलं, गाडी सुरू झाली.

साडेनऊला धुतलेल्या बाटल्यांत चिवडा भरून ते शेजारी गेले. मिसेस पाकनी विचारलं, मिसेसच्या फोटोपुढे लाल झाकणाची ठेवलीत ना? कमलाकरांनी होकारार्थी मान हलवली. त्या समाधानाने हसल्या. घरीच केली होती, म्हणाल्या, बारा दिवस मडक्यात. आमच्याकडे गेलेल्या माणसाला दारूचा पेला ठेवतात, जिवंत माणसांना सिखे.

कमलाकर तिथूनच मागे वळले. आभार मानायचेही राहून गेले.

घरी येऊन त्यांनी तांब्यावरची वाटी उचलली. काठोकाठ भरलेला तांब्या चांगला पेलाभर खाली गेला होता. डबा जसाच्या तसा. उदयचा पेला धुऊन पालथा घातलेला. त्यांनी तांब्यात बोट बुडवून जिभेला लावलं. गोडसर, आंबट, आणि मागून घशाला चरचरणारं. जन्मात दारू न चाखलेल्या माणसालाही कळलं.

पहिली भीती साधी होती. गोळी पोटात असेल तर मोटरवेवर सत्तर मैलांच्या वेगात त्याला भोवळ येईल. त्यांनी फोन लावला. घंटी वाजत राहिली आणि मग यंत्रातला बाईचा आवाज आला. गाडी चालवताना उदय फोन उचलत नाही, हे त्यांनीच त्याला शिकवलं होतं. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

मग दुसरी भीती आली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. बोटभर चवीने त्यांच्यासारख्याला कळलं, तर उदयला काय ओठाला लागण्याआधीच कळलं असेल. तरी तांब्या पेलाभर कमी होता. म्हणजे तो जाणूनबुजून प्यायला. आणि जाणून प्यायला असेल तर गोळीही घेतली नसेल. मग त्याला काहीच होणार नाही, गाडी नीट पोहोचेल, तो अक्षयाला शेजारी बसवेल आणि तिला फिरायला घेऊन जाईल. वाटेत अजून कुठे थांबला असेल तर?

कमलाकर फोनपाशी बसले. शिल्पाला सांगितलं तर उदयचं दार कायमचं बंद. नाही सांगितलं आणि पोरीला काही झालं तर? ब्रेकमध्ये खोट आहे असं नुसतं वाटलं तरी त्यांनी कधी गाडी सोडली नव्हती. सव्वादहाला त्यांनी नॉटिंगहॅमचा नंबर फिरवला.

शिल्पाचा आवाज झोपेतून उठल्यासारखा होता. रात्रपाळी करून आली असावी.

"बाबा? आज पान होतं ना आईंचं? सगळं नीट झालं?"

"झालं," कमलाकर म्हणाले. "शिल्पा, अक्षयाला त्याच्या गाडीत बसवू नकोस."

पलीकडे ती उठून बसल्याचा आवाज आला.

"प्यायलाय?"

"घरात होती. पेलाभर कमी आहे."

तिने एवढंच विचारलं, घरात कशी होती. उत्तराची वाट न पाहता ती शांतपणे म्हणाली की सांगितलंत ते बरं केलंत, आणि फोन ठेवला.

पाणी घ्यायला ते सिंकपाशी गेले, नळ सोडला. पाणी खाली उतरेना, साचून राहिलं. पहाटे तर आपण घासून काढलं होतं. त्यांनी नळ बंद करून जाळी उचलली.

जाळीत भाताची शीतं गच्च बसली होती. त्यांच्या घरच्या बासमतीची लांब नव्हे. आखूड, गोल, सत्त्व गेलेली पोकळ शीतं, तांब्यात तरंगत होती तशीच. पेलाभर पेयात असतील तेवढी. त्यांनी जाळी नाकाशी नेली. तोच आंबूस वास.

कमलाकर जाळी हातात धरून तसेच उभे राहिले. पोरगा प्यायला नव्हता. ओतून टाकली होती. आणि आपण काय करून बसलो?

त्यांनी शिल्पाला फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला, एंगेज. अकरा वाजत आले असताना त्यांचाच फोन वाजला. उदय होता. मागून गाड्यांचा आवाज येत होता.

"बाबा, ती दार उघडत नाही," तो म्हणाला. "दाराच्या लेटरबॉक्समधून बोलली. म्हणते बाबांनी सांगितला."

कमलाकरांनी खुर्ची ओढून घेतली.

"झाकण काढल्यावर मला कळला. मी पेला भरला पण. खोटं नाही बोलत. दहा मिनिटं धरून उभा होतो. मग सिंकमध्ये टाकला." तो थांबला. "मला वाटला तुम्ही माझी टेस्ट घेताय."

"मी?"

"रोज घेता ना. म्हणून वाटला, आज मोठी टेस्ट आहे. आईचा प्रसाद टाकला म्हणून वाईट वाटत होता. पण पूर्ण रस्ता मी खूश होतो. पास झालो म्हणून."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. कमलाकरांनी विचारलं, गोळी घेतलीस का, आणि विचारताक्षणी जीभ चावली.

"घेतली," उदय म्हणाला. "बाहेर गार आहे, बाबा. आज बस नाही, ट्रेन नाही, गाडी आहे माझ्याकडे. अजून काही बोलू?"

कमलाकरांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, "तू तिथेच थांब. दारातून हलू नकोस. कुठे जाऊ नकोस, उदय, कुठेही."

कारण आता तिसरी भीती होती. बंद दारासमोर उभा असलेला, पास होऊनही नापास ठरलेला मुलगा, आणि परतीच्या वाटेवर गाठ पडणारी दारूची सगळी दुकानं.

या वेळी शिल्पाचा फोन लागला. ती काही बोलायच्या आत कमलाकर बोलू लागले. आयुष्यात इतकं सलग ते कुणाशी बोलले नसतील. दारू माझ्या घरात मी आणली. न चाखता, न विचारता आणली. मीच त्याला म्हटलं, आईचं आहे, नाही म्हणू नकोस. त्याने ती सिंकमध्ये ओतली. शीतं माझ्या हातात आहेत, तुला हवी तर पाकिटात घालून पाठवतो. चूक माझी आहे, त्याची नाही. माझा त्याच्यावर विश्वास नव्हता म्हणून मी सिंककडे बघितलंही नाही.

शिल्पाच्या मागे अक्षया विचारत होती, डॅड बाहेर का उभा आहे?

"बाबा, मी हेही किती वेळा ऐकलंय," शिल्पा अखेर म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता. "त्याने ओतली, आता नाही घेत. दर वेळी कुणीतरी त्याच्या वतीने सांगतं."

"खरं आहे," कमलाकर म्हणाले. "पण आजवर मी कधी सांगितलं होतं?"

नव्हतं सांगितलं. तिला ते माहीत होतं.

"होल्ड करा," ती म्हणाली.

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग दूर जाणारी पावलं. कमलाकरांनी रिसीव्हर कानाशी इतका घट्ट दाबला की कान दुखू लागला. दुसऱ्या हातात अजून ती ओली जाळी होती आणि पाणी मनगटावरून बाहीत उतरत होतं. इंजिनाच्या घरघरीतून ब्रेकचा बारीकसा आवाज वेचून काढायची त्यांच्या कानांना सवय होती. ते श्वास रोखून ऐकू लागले. आधी दाराची साखळी निघाल्याचा आवाज. मग बराच वेळ काही नाही. मग कडी सरकली.