टाक्याचं टोक

बॉबीनला बॉबीन म्हणायला लागून तीस वर्षं झाली असतील. ठेंगणी, गोल आणि दिवसभर शिलाई मशीनपाशी गरगरणारी. गिऱ्हाइकांनी दुसरं काय नाव ठेवायचं! हसायचीही तशीच, एकदा सुरू झाली की आवरायची नाही. परवा ऑपरेशनच्या वेळी भूल देताना डॉक्टरांनी तिला दहापासून उलटं मोजायला सांगितलं, तर ही बाई "छाती छत्तीस, कंबर चौतीस" अशी मापं घेत घेतच झोपी गेली.

उजव्या स्तनातली लहान लिंबाएवढी गाठ काढून झाली. ती साधी की कर्करोगाची, हे आठ दिवसांनी कळणार होतं. घरी सोडताना सर्जनबाईंनी बजावलं, "घट्ट आधाराची ब्रा रात्रंदिवस घालायची. हात हळूहळू हलवायचा, पण जड उचलायचं नाही, मशीनला शिवायचं नाही. काळंनिळं दिसेल, थोडं बधिर वाटेल, त्याला घाबरू नका. ताप आला, लाली पसरली, पू आला किंवा सूज वाढत गेली, तर मात्र तडक इकडे या."

"आणि हसायचं?"

"हसा की!"

सर्जनबाईंना काय जातंय म्हणायला! हसलं की टाके ताणायचे, कळ यायची. म्हणून सेवेला आलेल्या थोरल्या नणंदेने हुकूमच काढला, घरात कोणीही विनोद करायचा नाही. झालं! त्या क्षणापासून साधा पाण्याचा तांब्या पडला तरी बॉबीनला हसू फुटायला लागलं.

त्यात नवऱ्याची भर. तो मोटार शिकवायचा. पंचवीस वर्षं शिकाऊ माणसांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसल्यामुळे त्याचा पाय कायम ब्रेक शोधत असे. बॉबीन पलंगावरून उठली की हा पुढे.

"सावकाश. आता डावीकडे वळायचंय. मागे बघितलंस का?"

"अहो, मी बाथरूमला चाललेय!"

"तेच म्हणतोय. घाई नको, रस्ता मोकळा आहे."

आणि तो हे अगदी मनापासून म्हणायचा, हीच तर पंचाईत. बॉबीन उशी छातीशी घट्ट धरून हसायची, "आई गं" म्हणायची आणि पुन्हा हसायची. नणंद डोळे वटारायची. मग भिंतीकडे तोंड करून तीही हसायची.

खरं सांगायचं तर बॉबीन त्या आठवड्यात जरा जास्तच हसत होती. हसणं थांबलं की रिपोर्ट आठवायचा. तिला भीती वाटत होती, आणि ते कबूल करण्यापेक्षा हसणं सोपं होतं.

सहाव्या दिवशी, सांगितल्याप्रमाणे, पट्टी निघाली. बॉबीन चष्मा लावून आरशासमोर उभी राहिली. दोन इंचांची रेघ, आणि टाका कुठे दिसेल तर शपथ!

"वन्सं, बघा तरी! आतून तुरपाई केलीय. मला मेलीला तीस वर्षांत असा हात बसला नाही."

"बघितलं. आता झाक."

पण रेघेच्या शेवटी अर्ध्या इंचाचं पारदर्शक टोक बाहेर डोकावत होतं, आणि ते बॉबीनने पाहिलं. तिच्या दुकानातून लोंबता धागा असलेला कपडा आजवर बाहेर पडला नव्हता. हात शिवशिवले. नणंद स्वयंपाकघरात गेल्याबरोबर तिने कात्री उकळत्या पाण्यातून काढली (एवढी अक्कल शाबूत होती), टोक चिमटीत धरून कपड्याचं ओढतात तसं जरा ताणलं आणि कच्‌! टोक आत गडप झालं. "आता कसं!" असं ती आरशातल्या बाईला म्हणाली.

संध्याकाळपर्यंत रेघेचं ते टोक गव्हाच्या दाण्याएवढं उघडलं आणि गुलाबीसर पाणी झिरपू लागलं. सकाळी बघते तर जिथून गाठ काढली तिथेच सूज! बोटाने दाबली तर आत काहीतरी हलत होतं. तिच्या तोंडचं पाणी पळालं. टेप घेऊन माप घेतलं, दुपारी परत घेतलं. अर्धा इंच वाढ.

"वन्सं," ती नणंदेला म्हणाली, "गाठ परत आलीय. मी धागा कापला."

नणंदेने कपाळावर हात मारला, पण रागवायला वेळ नव्हता. पुढच्या दहा मिनिटांत तिघं शिकाऊ गाडीत होती. छपरावर मोठ्ठा 'शि' लिहिलेला, मागून सगळे हॉर्न वाजवतायत, नवरा चालवतोय आणि शेजारी, त्याच्या नेहमीच्या सीटवर बॉबीन, तिच्याही पायाशी शिकवणाऱ्यासाठीचा ब्रेक. ती प्रत्येक वळणावर तो दाबत होती. गाडी गचके खात चालली होती. नवरा एकदाही ओरडला नाही.

सर्जनबाईंनी जखम पाहिली. "टाका कोणी कापला?"

"लोंबत होता हो," बॉबीन म्हणाली. "मला राहवलं नाही."

सर्जनबाई खाली मान घालून बराच वेळ सुई शोधत राहिल्या. खांदे मात्र हलत होते. मग म्हणाल्या, "सूज म्हणजे गाठ नाही. गाठ काढली की आत पोकळी राहते, तिच्यात पाणी साठतं. ते तुमच्या कात्रीमुळे नाही. पण जखमेच्या उघड्या तोंडातून जंतू शिरले असते, आणि मग महागात पडलं असतं." त्यांनी सुईने पाणी ओढून घेतलं, जखमेचं टोक चिकटपट्ट्यांनी जुळवलं, आणि टेबलावरून एक लिफाफा उचलला. "रिपोर्ट आजच आलाय."

नवऱ्याचा पाय जमिनीवर ब्रेक शोधायला लागला.

"साधी गाठ आहे. कर्करोग नाही."

"परत सांगा," बॉबीन म्हणाली.

"साधी गाठ."

"मला पण एकदा सांगा," नवरा म्हणाला. त्यांनी त्यालाही सांगितलं. दारापाशी उभी असलेली नणंद म्हणाली, "जरा मोठ्याने! मला नीट ऐकू आलं नाही." तेव्हा सर्जनबाईंनी जवळजवळ ओरडूनच सांगितलं, आणि बॉबीनच्या डोळ्यांना जी धार लागली ती काही केल्या थांबेना. रडता रडताच ती नवऱ्याला म्हणाली, "मी फार घाबरले होते हो." तो म्हणाला, "मी पण."

गाडी दाराशी आणायला तो धावत सुटला. बॉबीन नाक पुसत, हसत, जवळजवळ नाचतच बाहेर आली.

खोलीबाहेरच्या बाकावर तिच्याच वयाची एक बाई एकटी बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. भिंतीआडून तिने सगळं ऐकलं होतं. ती बॉबीनकडे बघून हसली, तुमचं चांगलं झालं असं सांगणारं हसू. तेवढ्यात आतून तिचा नंबर पुकारला गेला, आणि तिला उठवेना.

बाहेर नवरा हॉर्न वाजवत होता. नणंद म्हणाली, "चल ना गं."

"वन्सं, ह्यांना थांबायला सांगा," बॉबीन म्हणाली. तिने त्या बाईचा हात धरून तिला उठवलं. "पिशवी माझ्याकडे द्या. मी इथेच बसते."

ती बाई आत गेली, दार लागलं. बॉबीन ती पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसून राहिली.