पायाळू लेकाचा बाप

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोकं नव्हे, पाय आधी बाहेर आले. आमच्या माळशिरसकडच्या मुलखात अशा माणसाला मान असतो. कुणाच्या पाठीत उसण भरली की पायाळू माणसाला बोलवायचं आणि कमरेवर लाथ घालून घ्यायची. उसण पळते म्हणतात. पाच वर्षांचा असल्यापासून मी अर्ध्या गावाला लाथा घातल्या. सरपंचांना घातली, तालमीच्या वस्तादांना घातली, एकदा गणिताच्या गुरुजींना घातली, आणि ती जरा मनापासून. लाथ झाली की हातावर गुळाचा खडा मिळायचा. उसण दोन-चार दिवसांत आपोआपच जाते हे मला फार उशिरा कळलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडायची, नाव मात्र माझ्या पायाचं व्हायचं.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी कधी लाथ घातली नव्हती. उभा जन्म मेंढरांमागं चालण्यात गेलेला माणूस. त्यांची पाठ कधी धरलीच नाही. चुकून माझा पाय त्यांना लागला तरी मी वाकून नमस्कार करायचो.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी चिखलात रुतलेली मेंढी उचलताना त्यांच्या कमरेत काहीतरी सरकलं. दोन दिवसांनी डाव्या कुल्ल्यातून कळ निघाली, ती मांडीच्या मागून, पोटरीतून थेट अंगठ्यापर्यंत. खोकलं तरी कळ, बसलं तरी कळ. मी त्यांना सोलापूरला माझ्याकडं आणलं आणि मेंढरं चुलत्यावर सोपवली. चुलत्यानं निघतानाच सांगितलं, "दिवाळीपतुर वाट बगतो. दादा चालाय लागला तर बरं, न्हायतर त्येची मेंढरं इकावी लागतील. माज्या एकट्याच्यानं दोगांची मेंढरं हुत न्हायती." दिवाळी झाली की आमच्याकडची मेंढरं चाऱ्यासाठी दूर निघतात. आबा गाडीतून मागं वळून मेंढरांकडंच बघत होते. मेंढरं गेल्यावर त्यांच्याकडं दुसरं काय उरणार होतं, हे मलाही माहीत होतं.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, आतले फोटो पाहिले. म्हणाल्या, "मणक्यांमधली गादी सरकलीय. पायाकडं जाणाऱ्या शिरेचं मूळ ती दाबतेय. दुखतोय पाय, पण बिघाड कमरेत आहे."

"मग कापणार का?" आबांनी विचारलं.

"नाही. गोळ्या, रोज व्यायाम, थोडं थोडं चालणं. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. बहुतेकांचं असंच हळूहळू उतरतं. धीर धरा."

मला मात्र त्यांनी दारापाशी थांबवून सांगितलं, "दुखणं जास्त वाटलं तर फोन करा. पण पाय बधिर पडायला लागला, पाऊल लुळं वाटलं किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी घेऊन या. मग वेगळा विचार करावा लागेल."

व्यायाम म्हणजे पालथं पडून हातांवर छाती उचलायची. आबा फरशीवर पालथे पडायचे आणि चिडायचे, "ह्यो काय दवा झाला? सरडा हाय का मी?" पण करायचे. दिवाळी जवळ येत होती ना.

तीन आठवडे गेले, उतार नाही. आबा जेवायचेही उभ्यानं, एका हातानं खिडकीचा गज धरून. मी ऑफिसातून आलो की ते माझ्या तोंडाकडं बघत, जणू मी काहीतरी घेऊन आलोय. मी फक्त "धीर धरा" म्हणायचो. दुसऱ्याला धीर धरायला सांगायला काय जातं! मला स्वतःचीच चीड यायची.

एका सकाळी ते म्हणाले, "तू हायस की पायाळू."

मी शीर समजावली, गादी समजावली. ही उसण नव्हे, म्हणालो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"साऱ्या गावाच्या पाठी तुडवल्यास. बापाचीच जड झाली व्हय?"

ते आपणहून पालथे झाले. मी आधी त्यांच्या पाया पडलो, मग उजवा तळवा त्यांच्या कमरेला नुसता टेकवला, भार न देता. आबांनी डोळे मिटून घेतले होते.

दुसऱ्या दिवशी ते उठले आणि स्वयंपाकघरापर्यंत जाऊन परत आले. "उतरलं की! लई गुण हाय तुज्या पायाला." त्यांच्या कपाळावर घाम होता, तो मला दिसला. दिसूनही मी तिकडं दुर्लक्ष केलं. मला ते खरं हवं होतं. मी शिकलेला माणूस, पण लहानपणी खाल्लेला गूळ कुठंतरी आत होताच. आठवड्याभरात मी स्वतः त्यांना गावी सोडून आलो.

दिवाळीच्या चार दिवस आधी गेलो तेव्हा आबा माळावर होते. मी पायवाटेनं निघालो. वाटेत बाभळीखाली त्यांची डावी चप्पल पडलेली दिसली. थोडं पुढं मेंढरं, आणि मागं काठी टेकत आबा. डावं पाऊल जमिनीवरून घासत येत होतं, काट्यांतून, अनवाणी.

"आबा, चप्पल कुठाय?"

त्यांनी खाली पाहिलं. पायात चप्पल नाही हे त्यांना तेव्हा कळलं.

"निसाटली आसंल. पर आता दुकत न्हाय बग," ते हसून म्हणाले. "जराबी दुकत न्हाय. तुज्या चुलत्याला सांग, मेंढरं इकायची न्हायती."

मी त्यांना बांधावर बसवलं, पाय मांडीवर घेतला. अंगठ्याजवळ काटा मोडला होता, रक्त वाळलं होतं. मी म्हणालो, "डोळे मिटा. तळव्यावर नखानं रेघ ओढतो. कळली की सांगा."

आबांनी डोळे मिटले. मी थांबलो. मेंढरं पुढं निघून चालली होती.

"वढ की," आबा म्हणाले.

माझी दोनदा रेघ ओढून झाली होती.