माडीवरची सावड

पेणकरपाड्यात वेडी माणसं पुष्कळ होऊन गेली, पण आमच्या माडीवरच्या डॉक्टरीणबाईएवढं पक्कं वेड मी जन्मात बघितलं नाही. मी मिठागरावर राबलेला माणूस, शाळा जेमतेम चौथी. तरी छातीठोक सांगतो. बायको गेली, घर खायला उठायला लागलं, म्हणून मी माडी भाड्याने दिली. म्हटलं, डॉक्टरीण आहे, शांत असेल. कसली शांत! दुसऱ्याच दिवशी तिची तरुण टोळी जिना हादरवत वर गेली आणि थोड्या वेळात असं भांडण जुंपलं की मी काठी घेऊन वर धावलो. बघतो तर बाई खुर्चीवर उभी, हातात उलथनं, आणि आनंदाने ओरडतेय, "भांडा! मनसोक्त भांडा! पण आपल्या बाजूने नाही, समोरच्याच्या बाजूने!"

नव्या पोरांना डॉक्टरी संशोधन शिकवायचं, हे तिचं काम. साखर आणि ब्लडप्रेशर दोन्ही असलेली माणसं गोळ्या अर्ध्यावर का सोडतात, हे त्यांना शोधायचं होतं. टोळीत तिघं. नया नगरची झीनत डॉक्टर, जेसल पार्कचा मेहुल आकडेमोडीतला, आणि वनिता घरोघर फिरून माणसांना बोलतं करणारी. आधी तिघांची तोंडं तीन दिशांना. बाईचं माहेर खाली कोकणातलं, तिने यांना सावडीला जुंपलं. लावणीत सावड असते ना, आज सगळे माझ्या शेतात, उद्या सगळे तुझ्या? तसंच. एक दिवस तिघांनी आकडे मांडायचे, एक दिवस तिघांनी पेशंटच्या घरी जायचं. डबेसुद्धा अदलाबदल करून खायचे. "दुसऱ्याचा डबा खाल्ल्याशिवाय दुसऱ्याचं म्हणणं पचत नाही," म्हणायची. शाकाहारी मेहुलच्या वाट्याला वनिताची सुकट आली तेव्हा तो डबा उघडून जो गॅलरीत पळाला, तो दुपार टळल्यावरच आत आला. एवढा एक नियम बाईला मोडावा लागला.

हाच मेहुल पहिल्यांदा एका म्हातारीच्या घरी गेला. झीनतने रक्त घ्यायला सुई काढली मात्र, हा गडी धाडकन आडवा! म्हातारीच उठून त्याला पदराने वारा घालतेय, "आगो, या पोराला बघ आधी. माझी साखर कुठं पलून जात न्हाय." बाईला कळलं तर ती टाळ्याच पिटायला लागली. "आता हा 'पेशंट तपासणीला आला नाही' असं लिहिताना जरा थांबेल. भीती म्हणजे काय, ते त्याला कळलं!"

आणि अशा वेळी तिच्या कॉलेजातले मोठे साहेब येणार असं कळलं. तिघांना आपापल्या खात्यात परत धाडून ही सावड मोडायची की ठेवायची, ते बघायला. बाईपेक्षा मीच जास्त खवळलो. "येऊ द्या," म्हटलं, "मी बोलतो त्यांच्याशी."

साहेब आले, बसले. एकजण म्हणाला, "आकडेमोडीच्या मुलाने घरोघर फिरायचं कशाला? वेळ फुकट जातो." मग माझ्याकडे वळून, "बाबा, तुम्ही रोज बघता. तुम्हाला काय वाटतं?"

मी सगळं ठरवून बसलो होतो. "आमची मंडळी..." एवढं म्हणालो आणि ठरवलेलं सगळं विसरलो.

तेव्हा मेहुल बोलला. "सर, बाबांच्या मिसेसना हार्टचे डॉक्टर वेगळे, किडनीचे वेगळे, शुगरचे वेगळे."

झीनत म्हणाली, "एकाने सुरू केलेली गोळी दुसरा बंद करायचा. आपापल्या जागी दोघंही बरोबर होते, सर."

"आणि याचं त्याला सांगायला बाबाच रिक्षाने फिरायचे," वनिता म्हणाली. "शेवटी मावशी म्हणाल्या, या डॉक्टरांचं एकदा आपसात ठरू दे, मग घेते मी गोळ्या."

हे मी त्यांना कधीमधी सांगितलेलं, तुकड्यातुकड्याने. तिघांनी ते जोडून ठेवलं होतं. विचारणाऱ्या साहेबाने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "चालू ठेवा."

काय गोंधळ झाला म्हणून सांगू! मेहुल टेबल बडवतोय, पोरी किंचाळतायत, बाईने मला धरून गरकन फिरवलं. मी ओरडलो, "आरं, माझा गुडघा!" पण गुडघासुद्धा त्या दिवशी दुखला नाही.

संध्याकाळी पोरं गेल्यावर बाई खाली येऊन बसली. म्हणाली, "बाबा, तुमच्या मंडळींनी मला ठेवून घेतलं असतं का हो?"

"पहिल्याच दिवशी हाकलली असती," मी म्हटलं. "दुसऱ्या दिवशी खाडीतल्या निवट्यांचं कालवण घेऊन तीच माडीवर चढली असती. आणि तिसऱ्या दिवसापासून दोघींनी मिळून मला धारेवर धरलं असतं."

बाई खळखळून हसली. मीपण हसलो. मग म्हटलं, "जरा उशिरा आलात, बाई."

बाईने उठायची घाई केली नाही.