नवी गाडी लेकीला ऐकूच आली नाही

मित्रांनो, आज डोकं फिरलंय, म्हणून लिहून राहिलो.

गेल्या आठवड्यात आमची जुनी डिझेल गाडी विकली आणि सेकंडहँड, मोठी पेट्रोल एसयूव्ही घेतली. मेव्हण्याचा लकडा लागला होता, "दाजी, हीच घ्या. आवाज न्हाई, हादरे न्हाईत." पेट्रोल पाण्यासारखं पिते, तेही मुकाट सोसलं.

आज कंधारहून लातूरला गेलो. लेक तिथं नीटच्या क्लासला आहे. गाडीचं तिला सांगितलं नव्हतं, म्हटलं चकित करू. तिच्या होस्टेलात मोबाईल जमा, गल्लीत हॉर्नला बंदी आणि रविवारी भेटायला एकच तास. पण आजवर अडलं नाही. आमच्या डिझेलची तडतड कोपऱ्यावर आली की पोरगी खाली हजर!

आज अर्धा तास फाटकासमोर गाडी लावून आत बसलो. वॉचमन म्हणाला, "वर जाऊन बोलवता येत न्हाई, साहेब." मी नुसता चरफडत राहिलो.

तेवढ्यात मागून कुणाची तरी जुनी डिझेल गाडी तडतडत आली. माझी लेक हसत, धावत बाहेर आली आणि माझ्या नव्या गाडीकडे न बघता थेट त्या गाडीपाशी गेली. आत दुसऱ्याच पोरीचे वडील!

मी हाक मारली तेव्हा ती रडवेली झाली होती. "पप्पा, मी मघापासून खिडकीला कान लावून बसले व्हते."

आत्ता मेव्हण्याचा फोन आला. विचारतो, "काय दाजी, येतो का आवाज गाडीचा?"

काय सांगू त्याला?