दोनशे वीस बाथ आणि क्राबीची नाव

माझी धाकटी बहीण शांता दुर्गच्या मोहन नगरात राहते. मी थायलंडला चालले हे ऐकून ती म्हणाली, "ताई, तू समुद्रात काही जात नाहीस. किनाऱ्यावर पाय ओले करून येशील." मी भिलाईत पन्नास वर्षं लोखंड पाहिलं, समुद्र नाही. नात स्वातीने बोनसमधून दोघींची तिकिटं काढली होती. शांताचं ऐकून मी त्याच घडीला ठरवलं, नावेत बसल्याशिवाय परतायचं नाही. हे सगळं मी सांगते, स्वाती टाइप करते. शिव्या ती गाळते.

रायपूरहून कलकत्ता, तिथून बँकॉक, मग समुद्रकाठचं क्राबी. निघण्याआधी स्वातीने बँकेच्या अ‍ॅपमधून कार्डाचा परदेशातला वापर सुरू केला. हे विसरू नका, नाहीतर तिथलं एटीएम मशीन कार्ड पाहून तोंड फिरवतं.

रोकड कशी काढायची, हा सल्ला मात्र माझा. आमच्या भिलाईच्या पावर हाउस बाजारात इतकी गर्दी असते, की आमच्या घरी नियमच आहे: एका वेळी पाचशेच काढायचे, संपले की पुन्हा. पाकीट मारलं तरी पाचशेच जातात. तोच नियम मी क्राबीत चालवला. तिथला रुपया म्हणजे बाथ; आज हजार बाथ, उद्या हजार, परवा हजार. नारळाच्या दुधातला चिकट भात आणि आंबा खाऊन मी खूश.

तिसऱ्या दिवशी स्वातीने फोनवर खातं पाहिलं आणि तिचं तोंड उतरलं. परक्या कार्डावर ते मशीन दर वेळी दोनशे वीस बाथ कापत होतं, हजार काढा की दहा हजार. म्हणजे साडेपाचशे रुपयांच्या वर. आपली बँक घेते ते वेगळंच. आणि बेटं दाखवणारी लाकडी नाव माणशी चारशे, जंगल खात्याचे दोनशे निराळे, सगळं रोख. तीन वेळच्या फीमध्ये माझी सीट बुडाली होती.

"कावून नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तूच तर म्हणून राहिली होती, थोडे थोडे काढ. मशीनवर लिहिलं होतं आजी, मी वाचलं पण. वाटलं, छोटी बात है."

एक न वाचणारी, दुसरी वाचून न सांगणारी. जोडी छान जमली होती.

खात्यातल्या पैशांत हॉटेल, जेवण आणि दोन सीटा जेमतेम बसत होत्या. आणखी एकच फी परवडणार होती. म्हणून सगळे एकदम काढायचे ठरले, आणि या वेळी मीही मशीनपाशी उभी राहिले. स्वातीने पाच हजार बाथचा आकडा टाकला, तर पडद्यावर नवीनच पान आलं. तिने वाचून दाखवलं: मशीन तुमच्या रुपयांतच हिशोब करून देईल, आकडा पक्का. तिचं बोट 'हो'कडे निघालं.

"थांब. तू मागितला होता का हिशोब?"

"नाही."

"मग तो कावून करून राहिला?"

पावर हाउसचा जो कापडवाला न विचारता आपला हिशोब करून देतो, तो त्यात स्वतःचा चहा काढतो. स्वातीने 'नाही' दाबलं. मला वाटलं आता मशीन रुसणार, पण त्याने गुपचूप नोटा दिल्या. भाव आपल्या बँकेने लावला, आणि मेसेज आला तेव्हा कळलं, मशीनच्या पक्क्या आकड्यापेक्षा सातशे रुपये कमी गेले होते.

सकाळी नाव निघाली. पहिल्याच लाटेला मी स्वातीचा हात असा धरला की तिच्या मनगटावर माझी बांगडी उमटली. पुढे पाणी हिरवं झालं, तळातले मासे दिसायला लागले. नाववाला मला 'याय' म्हणायचा, त्यांच्याकडे आजीला तसंच म्हणतात. एका लाटेने मला डोक्यापासून भिजवलं तेव्हा मीच सगळ्यांत मोठ्याने हसले.

घरी आल्यावर शांताला फोटो दाखवले. ती म्हणाली, फोटो तर स्टुडिओतही निघतात. मग मी पिशवीतून नावेतली न धुतलेली साडी काढली आणि पदर तिच्या हातात दिला.

"चाख. पाय ओले करणाऱ्या बाईचा पदर खारट होत नाही."

तिने खरंच जिभेला लावला. मग हळूच विचारलं, "ताई, तिथं रोकड कशी काढतात वं?"

मी सांगितलं, एकदाच काढायची, अन् बाथमध्येच.